ओटी चाचणीतले ऑर्थोटोलिडिन

ऑर्थोटोलिडिन हे बेंझिडीनच्या कुळातले अ‍ॅरोमॅटिक अमाइन आहे. बेंझीनची दोन वलये एकमेकांना जोडलेली, प्रत्येकावर एक अमिनो गट आणि त्याला लागून एक मिथिल गट, अशी त्याची रचना. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींमध्ये त्याला नुसते ‘ओटी’ म्हणतात.

विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे गावाचा जलसुरक्षक ओटीने तपासतो. हायड्रोक्लोरिक आम्लातले ओटीचे द्रावण नमुन्यात टाकले, की क्लोरीन ओटीच्या रेणूचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतो आणि पाणी पिवळे होते. क्लोरीन वाढेल तसा रंग गडद, फारच झाला तर नारिंगी. नळाच्या टोकाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. मेख आहे ती वेळेत. पहिल्या दहा सेकंदांतला रंग मोकळ्या क्लोरीनचा. नंतर अमोनियाशी जोडलेला क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइनही रंग देऊ लागते आणि आकडा फुगतो. पाण्यात लोह, मँगॅनीज किंवा नायट्राइट असेल तरी पिवळेपणा फसवतो. शिवाय जंतू मेले की नाही, हे ही चाचणी सांगतच नाही.

इलेक्ट्रॉन सहज सोडण्याच्या याच गुणामुळे ओटी रक्ताच्या तपासणीतही आले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सोबतीने हिमोग्लोबिन त्याला निळे करते. पण काही भाज्यांतली विकरेही तेच करतात, त्यामुळे निळा रंग दिसला म्हणजे रक्त सापडलेच असे नाही.

रंगनिर्मितीत दोन्ही अमिनो गट कामी येतात. थंड आम्लात सोडियम नायट्राइटने त्यांचे डायझोनियम क्षार बनवतात आणि दोन्ही टोकांना नॅफ्थलीनची संयुगे जोडतात. तयार होणारे लांबट, सपाट अ‍ॅझो रंग रंगबंधकाशिवाय सुताला धरून बसतात. मेलेल्या पेशी ओळखणारा आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाचे पातळ आवरण रंगवणारा ट्रायपन ब्लू याच घराण्यातला.

असे रंग पोटात गेले, तर आतड्यातले जिवाणू मात्र त्यांच्यातली अ‍ॅझो जोडणी (दोन नायट्रोजन अणूंचा दुवा) तोडून मूळ अमाइन मोकळे करू शकतात. बेंझिडीनमुळे माणसात मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. ऑर्थोटोलिडिनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य कर्ककारक’ गटात ठेवले आहे. म्हणूनच ओटी टाकलेला नमुना पिऊ नये, तो पाण्याच्या साठ्यातही परत ओतू नये. क्लोरीनसाठी आता गुलाबी रंग देणारे डीपीडी अधिक अचूक मानले जाते (तेही अ‍ॅरोमॅटिक अमाइनच), तर एलायझासारख्या रक्तचाचण्यांत टेट्रामिथिलबेंझिडीन वापरतात.