मोठी मोटारसायकल घेण्यापूर्वी

घरातील तरुणाने लडाखच्या सफरीसाठी मोठ्या मोटारसायकलीचा हट्ट धरला की तुलना बहुधा अश्वशक्तीपासून सुरू होते. डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही फोरची शक्ती १७०, बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसची १४५. आपल्या रस्त्यांवर हा फरक क्वचितच अनुभवास येतो. अनुभवास येते ते वजन. जीएसचे पेट्रोलसह २३७ किलो, आसनाची उंची ८५० मिलिमीटर. चढावर थांबताना पाय नीट टेकत नसेल तर गाडी कलंडण्यास क्षण पुरतो. म्हणून चाचणी शक्यतो सामान लादून, मागे माणूस बसवून घ्यावी; शोरूमभोवतीची एक फेरी म्हणजे चाचणी नव्हे.

जीएसला साखळीऐवजी शाफ्ट असल्याने वंगण व ताण यांची कटकट नाही. मल्टिस्ट्राडाला साखळी आहे, परंतु तिच्या व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किलोमीटरनंतर येते.

व्यापारी घरात किमतीचा हिशेब निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील दुचाकींना ४० टक्के जीएसटी लागतो. वाहनविक्रीचाच धंदा नसेल, तर गाडी पेढीच्या नावाने घेऊनही त्याचे इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही. घसारा मागायचा तर धंद्यासाठीचा वापर दाखवावा लागतो, आणि लडाखची सहल त्यात बसत नाही.