आपली फरशी, खालच्यांचे छत

पहाटे सदनिकेत ज्येष्ठ श्राविका कटासन अंथरून सामायिकास बसते. ४८ मिनिटांची ती समतेची साधना. इतक्यात वरच्या मजल्यावर खुर्ची फरफटते, पाठोपाठ मिक्सर सुरू होतो आणि मनात समतेऐवजी उद्वेग उमटतो. मग घरात विषय निघतो : घर ध्वनिरोधक करून घ्यावे काय?

खर्च करण्यापूर्वी आवाज कोणत्या वाटेने येतो, हे पाहणे हिताचे. बोलणे, दूरचित्रवाणी, वाहने यांचा आवाज हवेतून येतो. जेथून हवा शिरते, तेथून तोही शिरतो. म्हणून प्रथम दार-खिडक्यांच्या फटी रबरी पट्ट्यांनी बुजवाव्यात. भिंत जितकी जड, तितका आवाज अधिक अडतो. तथापि वजन दुप्पट करूनही घट साधारण ५ ते ६ डेसिबलच होते. त्यापेक्षा सामाईक भिंतीपासून थोडे अंतर सोडून वेगळा सांगाडा उभारावा, पोकळीत रॉकवूल भरावे आणि त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर लावावेत. भिंतीवर नुसता फोम चिकटविल्याने आपल्याच खोलीतील घुमारा कमी होतो. शेजारचा आवाज थांबत नाही.

पावलांचा, फर्निचर ओढण्याचा, वस्तू आपटण्याचा आवाज मात्र निराळा. तो स्लॅबलाच कंपित करतो आणि भिंतींतूनही खाली उतरतो. त्यामुळे खालच्या घरात खोटे छत बसवूनही तो पुरता जात नाही. त्याचा उपाय उगमापाशीच करावा लागतो : खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या, मिक्सरखाली जाड रबरी चटई, वावराच्या जागी गालिचा. येथे खर्च वरच्यांच्या खाती पडतो आणि लाभ खालच्यांच्या खाती जमा होतो. हे काम रखडते, ते याच कारणाने.

कायद्याचा आधार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु खुर्चीच्या फरफटीसाठी तक्रारअर्ज दिला, तर आवाज थांबण्याआधी शेजारधर्म संपतो.

पाच समितींपैकी ईर्या समिती चालण्यातील सावधानता शिकविते, तर आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलण्या-ठेवण्यातील. साधु-साध्वींना जीवरक्षणासाठी सांगितलेला हा आचार श्रावकाने शेजाऱ्याच्या शांतीसाठीही अंगी बाणवावा. वरच्या घरी जाताना तक्रारीऐवजी चकत्यांचे एक पाकीट न्यावे. आणि तत्पूर्वी आपल्या खुर्च्यांना त्या लावल्या आहेत ना, हे पाहावे. आपल्याही खाली कोणी सामायिकास बसलेले असेल.