लिलीचे मासे आणि अप्पांचं वर्षफळ

आधी एक मोठा चौकोन आखायचा. त्याच्या चारही बाजूंचे मध्य जोडले की आत तिरपा चौकोन बसतो. तिरप्याच्या बाजूंचे मध्य जोडले की आणखी आत एक लहान, सरळ चौकोन. मग बाहेरच्या कोपऱ्यांपासून आतल्या कोपऱ्यांपर्यंत चार आखूड रेघा. भोवती बारा त्रिकोण तयार होतात आणि मधला चौकोन कोरा राहतो. त्यात तारीख, वेळ आणि प्रश्न लिहायचा. सतराव्या शतकातले इंग्रज ज्योतिषी कुंडली अशी मांडत. विल्यम लिलीच्या 1647 सालच्या ‘ख्रिश्चन अ‍ॅस्ट्रॉलॉजी’ या जाडजूड ग्रंथात जागोजागी हेच चौकोन आहेत. लॅटिनऐवजी इंग्रजीत लिहिलेला हा या विद्येचा पहिला मोठा पाठ्यग्रंथ. त्यातल्या संज्ञा नुसत्या वाचून मला कळेनात, म्हणून एका रविवारी फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले.

पहिला गोंधळ दिशेचा. आपल्या टिपणात लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, वर मधोमध असतं. इथे ते डाव्या हाताला. भाव दोन्हीकडे उलट्या काट्यानेच मोजतात, पण दशमस्थान आपल्याकडे उजवीकडे आणि लिलीकडे थेट माथ्यावर. कागद पाव वळसा फिरवला तेव्हा डोळा बसला. कारण साधं आहे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की पूर्व डावीकडे येते आणि माध्यान्हीचा सूर्य समोर वर दिसतो. लिलीचा चौकोन म्हणजे तसं उभं राहून पाहिलेलं आकाश.

दुसरा फरक जास्त खोल. आपण बहुतेक वेळा एक रास म्हणजे एक भाव धरतो. लिली रेजिओमोंटॅनसच्या पद्धतीने भाव काढतो. त्यामुळे प्रत्येक भाव राशीच्या मध्येच कुठेतरी सुरू होतो आणि त्या रेघेवर अंश-कला लिहाव्या लागतात. लंडनच्या अक्षांशावर काही भाव फुगतात, काही आकसतात, आणि कधी एखादी अख्खी रास भावाच्या पोटात गडप होते.

सरावासाठी मी त्याचीच एक प्रसिद्ध प्रश्नकुंडली घेतली, चोरीला गेलेल्या माशांची. लिली तेव्हा लंडनबाहेर थेम्सजवळच्या हर्शमला राहत होता. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांसाठी त्याने लंडनहून मासे मागवले होते. 10 फेब्रुवारी, शनिवार. नावाड्याने येऊन सांगितलं की आदल्या रात्री गोदाम फुटलं आणि मासे गेले. बातमी कानावर पडली ती वेळ धरून लिलीने कुंडली मांडली. पुस्तकात साल 1637 आहे. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, म्हणून आपल्या हिशेबाने ते 1638. शिवाय त्यांचं कॅलेंडर दहा दिवस मागे होतं. हे दोन्ही जुळवलं नाही तर चंद्र भलत्याच राशीत सापडतो. माझा पहिला कागद याच चुकीपायी वाया गेला.

ग्रह मांडून झाले की त्यांचं बळ तोलायचं. इथे लिली अगदी हिशेबनीस होतो. ग्रह स्वगृही असेल तर पाच गुण, उच्चीचा असेल तर चार. राशीच्या तत्त्वाचा स्वामी असेल तर तीन, राशीच्या पाच असमान तुकड्यांपैकी स्वतःच्या तुकड्यात असेल तर दोन, आणि दहा अंशांच्या स्वतःच्या भागात असेल तर एक. खर्चाच्या बाजूला नीचीचे चार वजा. स्वतःच्या घराच्या समोरच्या राशीत असेल तर पाच वजा; या अवस्थेला आपल्याकडे स्वतंत्र नाव नाही. आणि ज्याला कुठलाच हक्क लागू होत नाही त्याचेही पाच वजा. या शेवटच्या ग्रहाला तिकडे जो शब्द आहे त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘परदेशी’. ना घर, ना ओळख, ना जामीन राहणारा कोणी. चोरीच्या प्रश्नात केंद्रातल्या अशा परक्या ग्रहावर पहिला संशय घ्यायचा, असा नियम आहे.

मीनेत पंधराव्या अंशावरचा बुध घेऊन मी जमाखर्च मांडला. स्वतःच्या कन्या राशीसमोर, म्हणून पाच वजा. नीच, म्हणून आणखी चार वजा. पण लिलीच्या कोष्टकात मीनेचा चौदा ते वीस अंशांचा तुकडा बुधाचाच, म्हणजे दोन जमा. हिशेब उणे सात. तरीही हा बुध परका ठरत नाही, कारण एवढ्याशा तुकड्यावर का होईना, त्याचं नाव आहे. तराजूची ही बारीक दांडी हाताने आकडे लिहिल्याशिवाय जाणवत नाही.

उच्च-नीच राशी दोन्हीकडे त्याच आहेत. चंद्र वृषभेच्या तिसऱ्या अंशावर, बुध कन्येच्या पंधराव्यावर, शुक्र मीनेच्या सत्ताविसाव्यावर, हे आकडेसुद्धा तेच. पण सूर्य आपल्याकडे मेषेच्या दहाव्या अंशावर परमोच्च, तिकडे एकोणिसाव्यावर. गुरू आपल्याकडे कर्केच्या पाचव्यावर, तिकडे पंधराव्यावर.

मग दृष्टी. लिलीकडे प्रत्येक ग्रहाला तेजाचा घेर आहे. सूर्याचे पंधरा अंश, चंद्राचे बारा, गुरूचे नऊ. दोघांच्या घेरांची अर्धी अर्धी बेरीज करायची. सूर्य-चंद्राची साडेतेरा येते. अंतर त्याच्या आत आलं की दोघांचं बोलणं सुरू झालं. शीघ्र ग्रह मंद ग्रहाकडे अजून जातोय, की भेटून पुढे निघालाय, यावर काम होणार की हुकलं हे ठरतं. दोघांची भेट होत नसेल तर तिसरा शीघ्र ग्रह एकाचं तेज उचलून दुसऱ्याकडे पोचवतो.

हे लिहिताना माझा हात थांबला. हे सगळं मी लहानपणी ऐकलं होतं. अप्पा, म्हणजे माझे आजोबा, दर वाढदिवसाला वर्षफळ करायचे. त्यात ‘इत्थशाल आहे, काम होईल’ असं वाक्य असायचं. मला तो शब्द संस्कृत वाटायचा. तो आहे अरबी ‘इत्तिसाल’, म्हणजे जोडलं जाणं. नक्त म्हणजे ‘नक्ल’, तेज वाहून नेणं. मणऊ म्हणजे ‘मन‘’, आडकाठी. कंबूल म्हणजे ‘कबूल’, आपल्या रोजच्या बोलण्यातलाच शब्द: एका ग्रहाने दुसऱ्याला आपल्या घरी मान्य करणं. हद्दा म्हणजे हद्द, राशीचे तसेच पाच असमान तुकडे. वर्षफळाच्या ‘ताजिकनीलकंठी’ या संस्कृत ग्रंथातही सूर्याचे दीप्तांश, म्हणजे तेजाचा घेर, पंधरा, चंद्राचे बारा, गुरूचे नऊ.

नीलकंठाने हा ग्रंथ 1587 मध्ये पुरा केला. तो अकबराच्या पदरी होता आणि त्याचं घराणं मूळचं विदर्भातलं. लिलीचा ग्रंथ त्यानंतर साठ वर्षांनी आला. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण अरबी विद्येचा एक फाटा लॅटिनमधून लंडनला गेला, दुसरा संस्कृतात येऊन आमच्या ओसरीवर पोचला. त्याही आधीचा थर ग्रीकांचा आहे. होरा, केंद्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम हे शब्द ग्रीकमधूनच आले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत प्रसिद्ध केला, त्यात या देवघेवीची चर्चा आहे. आपल्या भाषेत हे एवढं आधी लिहून ठेवलेलं असताना आपण ‘पाश्चात्त्य ज्योतिष’ आणि ‘आपलं ज्योतिष’ अशी भिंत घालतो, याचं मला वाईट वाटतं.

यावरून भविष्य कळतं का? माझं उत्तर नाही असं आहे. पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी सत्तावीस ज्योतिषांची चाचणी घेतली होती. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के आली. नाणं उडवूनही तेवढी येतात. माशांच्या कुंडलीतही हीच अडचण दिसते. संशयित गुरू वृश्चिकेत, मालाचा कारक मीनेत, भाग्यबिंदू कर्केत, सगळ्या जलराशी, म्हणून लिली पाण्याकडे वळला. पण त्याच्या राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या. दोन मोजण्यांतला त्या काळचा सुमारे एकोणीस अंशांचा फरक वजा केला तर ताऱ्यांवरून मोजणाऱ्या निरयन पंचांगात तोच गुरू तुळेत जातो, आणि तूळ वायुतत्त्वाची.

लिलीने स्वतः लिहून ठेवलंय की शास्त्राच्या जोडीला त्याने सारासार विचार केला. मासे चोरणारा पाण्याजवळ राहणारा असणार, थेम्सकाठचा कोळीच असणार. त्याने गावात चौकशी केली, न्यायाधीशाकडून झडतीचं वॉरंट काढलं, 18 फेब्रुवारीच्या रविवारी शिपाई सोबत घेतला आणि थेट एकाच घरी गेला. थोडे मासे सापडले, थोडे खाऊन झाले होते. माशांसोबत चोरीला गेलेले सात पोर्तुगीज कांदे त्या घरच्या बाईने ओळखलेच नाहीत. तिने ते रस्स्यात घातले होते. उरलेले मासे लिलीने त्यांनाच देऊन टाकले.

अप्पांची वर्षफळं आमच्याकडे ट्रंकेत होती. घर बदलताना रद्दीत गेली, आणि ती मीच दिली. तुमच्या घरी अशी हातची वर्षफळं असतील, मुंथा, सहम, इत्थशाल असे शब्द असलेली, तर ती देऊन टाकू नका. निदान फोटो काढून ठेवा, आणि ती कोणी, कुठे, कोणत्या साली लिहिली ते मागे लिहा.