लाखेची तबकडी आणि पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती

गोंदिया जिल्ह्यात छत्तीसगडच्या सीमेलगत ज्या जंगलपट्ट्यात सालेकसा वसले आहे, त्या पट्ट्यातील पळस आणि कुसुम या झाडांचा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाशी असलेला संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे कीटक पोसले जातात. पळस आणि बोरीवरील लाखेला रंगीनी व कुसुमावरील लाखेला कुसुमी म्हणतात, आणि ही लाख फांद्यांवरून खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा केला जातो. ज्या द्रव्याच्या लाक्षागृहाची कथा महाभारताने घरोघर पोहोचवली त्याच या द्रव्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या दाबल्या जात होत्या, आणि त्या चपड्याचा सर्वात मोठा पुरवठादार भारत होता. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडताच १९४२ मध्ये अमेरिकेच्या सरकारला तबकड्यांसाठी होणारा लाखेचा वापर सक्तीने कमी करावा लागला आणि जुन्या तबकड्या परत घेऊन त्यांचा चुरा पुन्हा वापरण्याची वेळ तेथील कंपन्यांवर आली. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाइल या कृत्रिम द्रव्याची, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक काळ चालणारी एल.पी. आणली, आणि ज्याला आपण ‘अल्बम’ म्हणतो, म्हणजे सलग ऐकण्यासाठी एका क्रमाने रचलेला गीतसमूह, तो याच तबकडीमुळे सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचला.

त्या अल्बमांपैकी १९६० आणि १९७० च्या दशकांतील गाजलेले रॉक अल्बम आता पन्नाशी ओलांडत आहेत, आणि दर दहा वर्षांनी त्यांची ‘वर्धापन आवृत्ती’ काढण्याची प्रथा ध्वनिमुद्रण व्यवसायात रूढ झाली आहे. ही आवृत्ती विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न केवळ चैनीचा नाही, कारण त्यामागे जुन्या आवाजाचे जतन कोणी, कशासाठी आणि कोणत्या कसोटीने करावे हा अधिक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर मराठी संगीताच्या श्रोत्यालाही हवे आहे.

प्रथम दोन शब्द वेगळे करावे लागतात, कारण विक्रेते ते बहुधा एकाच दमात उच्चारतात. ‘रिमास्टर’ म्हणजे तयार झालेल्या अंतिम टेपवरून आवाजाची पातळी, खर्ज-तार यांचा समतोल आणि खरखर यांवर पुन्हा काम करणे. ‘रिमिक्स’ म्हणजे त्या अंतिम टेपच्याही मागे जाऊन, गायक, ढोल, गिटार यांचे स्वतंत्र पट्टे पुन्हा एकत्र जुळवणे. पहिले काम जुन्या छायाचित्राची धूळ पुसण्यासारखे आहे, तर दुसऱ्यात त्याच काचेवरून छायाचित्र नव्याने छापले जाते. रिमास्टरने फारसा फरक पडत नाही. कित्येकदा तर आवाज केवळ मोठा केला जातो, त्यामुळे हळू आणि जोरकस स्वरांमधील अंतर पुसले जाऊन संगीत सपाट होते, आणि जुनी तबकडीच अधिक श्रवणीय ठरते.

रिमिक्सला मात्र कधी कधी खरे कारण असते. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ १९६७ मध्ये निघाला तेव्हा त्या कलावंतांनी स्वतः लक्ष घातले ते मोनो, म्हणजे एकाच ध्वनिक्षेपकासाठी केलेल्या मिश्रणात. पुढे जगभर जी ऐकली गेली ती स्टीरिओ आवृत्ती त्यांच्या गैरहजेरीत अल्पावधीत उरकलेली होती. शिवाय चारच पट्ट्यांच्या यंत्रावर जागा व्हावी म्हणून आधीचे पट्टे एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवले जात आणि दर उताऱ्यागणिक आवाज थोडा मळत असे. २०१७ च्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीसाठी जाइल्स मार्टिन यांनी उताऱ्यांच्या आधीच्या मूळ टेपांपर्यंत जाऊन नवे मिश्रण केले. ज्या फ्रेडी मर्क्युरीचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि ज्याने तेथेच १९५८ मध्ये ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला वाद्यवृंद उभा केला, त्याच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा १९७३ चा पहिला अल्बमही असाच आहे: त्यातील ढोलांचा ध्वनी कलावंतांना तेव्हाच पटला नव्हता, आणि २०२४ च्या आवृत्तीत तो दोष दूर करून त्या वेळी वगळलेले एक गीतही त्याच्या नियोजित जागी परत आणले गेले. अशा आवृत्त्या विकत घेण्याजोग्या आहेत, कारण मूळ तबकडीत जे व्हायला हवे होते आणि झाले नाही ते त्यांत आहे.

उलट उदाहरण पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे आहे. १९७३ च्या या अल्बमच्या १९९३, २००३, २०११ आणि २०२३ मध्ये विशेष आवृत्त्या निघाल्या, आणि २०२३ च्या भारदस्त पेटीतील १९७४ चे वेम्बली येथील थेट ध्वनिमुद्रण २०११ मध्येच प्रसिद्ध झालेले होते. ज्याच्याकडे आधीची एक चांगली आवृत्ती आहे त्याने पुन्हा खर्च करण्यासारखे येथे फार थोडे उरते. जादा म्हणून दिलेले पूरक ध्वनिमुद्रण बहुधा इंटरनेटवरील श्रवणसेवांवरही येते, त्यामुळे जवळपास रेकॉर्डचे दुकान नसलेल्या सालेकशासारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या श्रोत्यालाही ते पेटी न मागवता ऐकता येते.

वर्धापनाच्या या लगबगीमागे कायदाही आहे, आणि ही गोष्ट ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली, परंतु पन्नास वर्षांत जे प्रसिद्धच झाले नाही त्याला ही वाढ मिळत नाही. म्हणून २०१२ मध्ये बॉब डिलनच्या कंपनीने १९६२ ची अप्रकाशित ध्वनिमुद्रणे शंभराच्या आसपास प्रतींत युरोपात विक्रीला ठेवली आणि उपशीर्षकातच हक्क वाढवण्याचा हेतू नमूद केला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या तबकडीचा हक्क २०२० अखेर संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा असून तो त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, त्यामुळे १९७७ मध्ये निधन पावलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत अबाधित आहे.

पुनर्प्रकाशन कोणासाठी खरोखर उपकारक ठरते, याची सर्वात बोलकी उदाहरणे मुंबईत सापडतात. अटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या १९७० च्या दशकातील रॉक वाद्यवृंदाची एकमेव एल.पी. १९८१ मध्ये पॉलिडॉरने काढली, ती विस्मरणात गेली, आणि सुमारे तीन दशकांनी एका अमेरिकी प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा बाजारात आणली. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत जपानी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. ती तबकडी खपली नाही, आणि २०१० मध्ये एका डच संग्राहकाने तिचे पुनर्प्रकाशन केल्यावर, शिकागोतील ‘अॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या जन्माआधीच त्याच्या जवळपासचा नाद मुंबईत उमटला होता, हे जगाला कळले. २०१५ मध्ये सिंग यांचे निधन झाले, परंतु त्यापूर्वी परदेशी मंचांवर ते संगीत सादर करण्याचा मान त्यांना मिळाला. पन्नासाव्या वर्षाची सोनेरी पेटी हे करू शकत नाही. जे हरवले होते ते परत मिळवून देणे हे पुनर्प्रकाशनाचे सर्वोच्च कार्य आहे, आणि ते येथे घडले. दोन्ही वेळा पुढाकार परदेशातून यावा, ही खेदाची बाब आहे.

मराठी संगीताच्या बाबतीत तर काम याहूनही नाजूक आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायिली होती, तर घराघरांत पोहोचलेली ध्वनिमुद्रिका एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात नंतर केलेली आहे, म्हणून ‘मूळ’ गीतरामायण कोणते, हे ठरवल्याशिवाय त्याची कोणतीही वर्धापन आवृत्ती प्रामाणिक होणार नाही. नाट्यसंगीताच्या तबकड्यांत अडचण वेगाची आहे. ‘७८ फेऱ्या’ हे नाव प्रमाण मानले जाते, पण सुरुवातीच्या काळातील अनेक तबकड्या त्याहून कमी-अधिक वेगाने कोरलेल्या होत्या. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने वाजवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो, गायकाची पट्टी बदलते, तान घाईची वाटते आणि आवाजाचा भरदारपणा पातळ होतो. बालगंधर्वांच्या पिढीचा आवाज ज्यांनी केवळ निष्काळजीपणे उतरवलेल्या कॅसेटवर ऐकला त्यांनी तो कितपत खरा ऐकला, याची शंका घेण्यास जागा आहे. त्यातच यंत्राने खरखर काढताना तंबोऱ्याचा झंकार आणि सारंगीची किनारही खरवडली जाते. थोडी खरखर राहिली तरी चालेल, परंतु तंबोऱ्याची जवारी जाता कामा नये. १९९० मध्ये मुंबईत सुरेश चांदवणकर आणि मायकेल किनिअर यांनी स्थापन केलेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेने आपल्या नियतकालिकातून तबकड्यांच्या याद्या आणि त्यांची माहिती सातत्याने प्रसिद्ध केली, आणि योग्य पुनर्प्रकाशनाची पहिली पायरी अशा याद्याच असतात.

पुनर्प्रकाशनाला आधी प्रकाशन झालेले असावे लागते, हेही येथे नोंदवले पाहिजे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. तेथे गायिल्या जाणाऱ्या गोंडी गीतांसाठी कोणतीही पन्नासावी आवृत्ती संभवत नाही, त्यांना पहिल्या काळजीपूर्वक ध्वनिमुद्रणाचीच गरज आहे, आणि गाणाऱ्यांच्या संमतीने व नावानिशी केलेल्या अशा मुद्रणावर खर्च होणारा पैसा चौथ्यांदा विकत घेतलेल्या पेटीपेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

लाख तबकड्यांतून गेली तरी तिचे नाव गेलेले नाही. विनाइलची एल.पी. दाबण्यापूर्वी ज्या चकतीवर खाच कोरली जाते तिला आजही ‘लॅकर’ म्हणतात. हा शब्द लाखेवरूनच पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला, जरी त्या चकतीवरील लेप आता नायट्रोसेल्युलोजचा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला तेव्हा अशा चकत्या बनवणारा जपानमधील एकच कारखाना जगात उरला होता. खुद्द भारतात लाखेच्या तबकड्या पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक काळ निघत राहिल्या. कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यात १९६० च्या दशकात बीटल्सची गीतेही ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर दाबली गेली, आणि परदेशी संग्राहक आज त्या शोधत फिरतात. मुंबई–हावडा लोहमार्गावरील सालेकसा स्थानकातून हावड्याकडे जाणारी गाडी ज्या दिशेला धावते त्याच दिशेला ते डमडम आहे.

तेव्हा विकत घेण्याचा निर्णय घेताना ग्राहकाने पेटीवरील वर्धापनाचा आकडा न पाहता आतील माहितीपत्रिका पाहावी: मूळ टेप कोणती वापरली, मिश्रण कोणी केले, जुना कोणता दोष दूर झाला आणि याआधी न मिळणारे काय मिळते, हे तेथे लिहिलेले नसेल तर ती आवृत्ती घेऊ नये. ज्यांच्या माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा कपाटाखाली आजोबांच्या काळातील काळ्या, जड तबकड्या पडून असतील त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत, उभ्या ठेवाव्यात, त्यांच्या लेबलांची छायाचित्रे काढून एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवावीत, आणि पुसताना स्पिरिट कधीही वापरू नये, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते.