अंगठीच्या आतली अक्षरे

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावासारख्या गावात सोने हौसेचे असते, पण त्याहून जास्त ते अडीनडीचे असते. पेरणीचे बियाणे, दवाखान्याचे बिल, लेकीचे लग्न. हात शेवटी डब्यातल्या अंगठीकडेच जातो. अशा वेळी सोने किती, याइतकाच ते कसे हा प्रश्न मोठा ठरतो.

बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर हे मी पुष्कळदा पाहिले. सोनार अंगठी कसोटीच्या दगडावर घासायचा, थेंबभर तेजाब टाकायचा आणि कस सांगायचा. घरात बावनकशी म्हणून मिरवलेला दागिना भलताच निघाला, की समोरच्या बाईचा चेहरा उतरायचा. पावती नसायची, दाद मागणार कुणाकडे?

कस कमी म्हणजे लबाडीच, असेही नाही. १९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरटहून चढ्या कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे ती अट उठली. त्या काळातली आजीची अंगठी १४ कॅरटची असूही शकते.

भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी हॉलमार्क सुरू केला तो २००० साली. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत सक्तीचा होत गेला. आता नव्या अंगठीत तीन खुणा शोधा : ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, कसाचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा, त्या एकाच नगाचा क्रमांक. २२ कॅरटला ९१६, १८ला ७५०, १४ला ५८५. हे आकडे हजारी आहेत. म्हणजे ९१६च्या दहा ग्रॅममध्ये शुद्ध सोने ९.१६ ग्रॅम, ७५०मध्ये साडेसातच. फरक दीड ग्रॅमच्या वर! ‘केडीएम’ हा शिक्का मात्र कसाचा नव्हे. तो कॅडमियमच्या डाकाचा.

सहा अक्षरांचा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकला, की दागिन्याची नोंद दिसते. कस कमी निघाला तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमांत आहे. त्यासाठी पक्की पावती हवी. जुना, बिनशिक्क्याचा दागिना विकता येतोच. मोडीत घालण्यापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घ्यावा.

दुकानदाराकडे भिंग असते. ते मागून घ्यायला संकोच कसला? सोनाराचा अपमान त्यात नाही, आपल्या घामाचा मान आहे.