तारांची आणि स्प्रिंगांची रस्सीखेच

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून 1954 साली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाहेर पडली, तेव्हा तिच्या ब्रिजला एक बारीक दांडी होती. ती दाबली की सहाही तारा एकदम सैल पडून सूर खाली घसरायचा आणि सोडली की परत जागेवर यायचा. अशा दांड्या त्याआधीही होत्या. पॉल बिग्स्बी यांनी मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी केलेली तर आजही विकली जाते. फेंडर यांनी मात्र ब्रिज, तारा अडकवायची जागा आणि दांडी हे सगळं एकाच यंत्रात आणलं. त्यांच्या पहिल्या नमुन्यात नाद टिकत नव्हता, म्हणून तो मोडीत निघाला होता.

या ट्रेमोलो ब्रिजची रचना गिटार उलटी केल्यावर नीट कळते. मागचं झाकण काढलं की खाचेत एक जड पोलादी ठोकळा आणि त्याला अडकवलेल्या स्प्रिंगा दिसतात. जागा पाच स्प्रिंगांची असते, पण पुष्कळ जण तीनच लावतात. त्यांची दुसरी टोकं एका दातेरी पट्टीला असतात आणि ती पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेली असते. वरच्या बाजूला ब्रिजची प्लेट सहा स्क्रूंच्या आधाराने झुलते. नऊ-बेचाळीस जाडीच्या तारांचा एकत्रित ताण चाळीस किलोच्या आसपास जातो. तो तोलून धरायचा तो या स्प्रिंगांनी. रस्सीखेचीत एक गडी पडावा तसं एक तार तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाच तारा चढतात.

एरिक क्लॅप्टन यांना ही भानगडच नको होती. त्यांनी ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज जाम करून टाकला.

दुसऱ्या टोकाला फ्लॉइड रोझ. 1979 साली पेटंट मिळालेल्या त्यांच्या यंत्रणेत तारा नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचेदार पट्टीपाशी, आणि ब्रिजपाशी अशा दोन्हीकडे आवळून टाकतात. तारा पार लोंबेपर्यंत दांडी दाबली तरी सूर परततो. एडी व्हॅन हेलन यांच्या वादनामुळे ती घराघरात पोचली. पण तार बदलायची तर ॲलन की हातात हवी, आणि साध्या गिटारवर बसवायची तर नटची जागा कापून लाकूडही कोरावं लागतं. दर गाण्याला ट्यूनिंग बदलणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

जुना ब्रिज काढून नवा घ्यायचा, तर नावाआधी माप पाहावं. जुन्या अमेरिकन पद्धतीत टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर सुमारे 56 मिलिमीटर असतं, तर आशियात बनलेल्या कित्येक गिटारींत ते साडेबावन्नच्या आसपास. चार मिलिमीटरांच्या फरकाने जुनी भोकं बुजवून नवी पाडायची वेळ येते. ठोकळ्याची उंचीही मोजावी. पातळ बॉडीच्या गिटारीत पूर्ण उंचीचा ठोकळा मागून बाहेर डोकावतो.

बसवताना अनेक कारागीर मधले चार स्क्रू किंचित वर ठेवतात, म्हणजे प्लेट टोकाच्या दोघांवर मोकळी झुलते. मग तारा सुरात लावायच्या आणि प्लेटची मागची कड लाकडापासून किती उचलली आहे ते पाहायचं. 3 मिलिमीटरांच्या थोडं वर असेल तर ठीक. जास्त असेल तर पट्टीचे स्क्रू अर्धा फेरा आवळायचे, कमी असेल तर सैल करायचे. दर वेळी सूर पुन्हा लावायचा, कारण एकीकडे हात लावला की दुसरीकडे ताण बदलतोच. पट्टीला डाग दिलेली अर्थिंगची वायर या गडबडीत तुटली, तर ॲम्प्लिफायर गुणगुणायला लागतो.

एवढं करूनही दांडी दाबून सोडल्यावर तार चढी राहत असेल, तर बहुतेक वेळा ती नटच्या खाचेत अडकत असते. तिथे पेन्सिलीचं शिसं घासून पाहा. नव्या ब्रिजवर पैसे घालण्याआधी हा स्वस्त उपाय जरूर करून बघा.