सभास्थळ म्हणून पंचतारांकित हॉटेल (पुणे)

सभास्थळ म्हणून पंचतारांकित हॉटेल ही पुणे शहराच्या सार्वजनिक जीवनातील तुलनेने अलीकडची व्यवस्था आहे. निवास, भोजन, सभागृह, ध्वनी व प्रकाशयोजना, वाहनतळ आणि सुरक्षा या सर्वांची सोय एकाच छपराखाली व एकाच व्यवस्थापनाच्या जबाबदारीवर होत असल्याने उद्योगसंस्थांच्या बैठका, वैद्यकीय परिषदा, नव्या उत्पादनांची अनावरणे, पारितोषिक समारंभ आणि विवाहसोहळे यांसाठी अशा हॉटेलांचा उपयोग केला जातो. सेनापती बापट मार्गावरील जे. डब्ल्यू. मॅरियट हे या प्रकारचे शहरातील एक प्रमुख उदाहरण आहे. सार्वजनिक सभागृह, नाट्यगृह किंवा मंगल कार्यालय यांच्याहून हे स्थळ मुख्यतः दोन बाबतींत वेगळे ठरते. येथील आकारणी बहुधा जागेच्या भाड्यावर नसून माणशी ताटावर असते, आणि येथील प्रवेश निमंत्रितांपुरता मर्यादित असतो.

पार्श्वभूमी

पुण्यातील संघटित सभाजीवनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी 'सार्वजनिक काका' या नावाने ओळखले जाऊ लागले. १८७५ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८७८ मध्ये रानडे व लोकहितवादी यांच्या प्रयत्नांतून मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, ते हिराबागेत. हिराबाग ही मूळची नानासाहेब पेशव्यांची बाग. ब्रिटिश काळात तेथील वास्तू नगराचे सभागृह म्हणून वापरली जात असे.

सभेची जागा ही केवळ सोयीची बाब नसून अधिकाराचीही बाब असते, याचा प्रत्यय पुण्याला लवकरच आला. १८९५ च्या डिसेंबरात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुण्यात भरले. त्या काळी राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनानंतर सामाजिक परिषद त्याच मंडपात भरवण्याचा प्रघात होता. पुण्यात मात्र मंडप सामाजिक परिषदेस द्यावा की नाही, यावरून तीव्र वाद झाला आणि अखेरीस परिषद स्वतंत्रपणे भरवावी लागली. मंडप कोणाचा आणि त्यात कोणी बोलावे, हा प्रश्न त्या वेळी राजकीय मतभेदाचा विषय बनला होता.

विसाव्या शतकात टिळक स्मारक मंदिर, बालगंधर्व रंगमंदिर (१९६८), पत्रकार भवन, एस. एम. जोशी सभागृह, गणेश कला क्रीडा मंच अशी स्थळे शहराला लाभली. यांतील काही महापालिकेची, तर काही संस्थांची आहेत. येथील बहुतेक व्याख्याने व चर्चा सर्वांस खुल्या असतात. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी छापलेली 'प्रवेश सर्वांसाठी खुला' ही ओळ पुणेकरांच्या परिचयाची आहे.

पंचतारांकित हॉटेलांचा उदय

हॉटेलातील सभेची गरज प्रथम उद्योगक्षेत्राला भासली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेने पुणे परिसरातील उद्योगांना संघटित केले. स्वातंत्र्योत्तर काळात पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मोठे कारखाने उभे राहिले आणि परदेशी कंपन्यांशी तांत्रिक सहकार्याचे करार होऊ लागले. १९६२ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी याचे एक उदाहरण होय. बाहेरून येणारे तंत्रज्ञ व संचालक यांच्या निवासाची आणि त्यांच्यासह होणाऱ्या बैठकांची सोय हवी होती. कोरेगाव पार्क परिसरातील ब्ल्यू डायमंड हे हॉटेल किर्लोस्कर उद्योगसमूहाने उभारले. शहरातील आरंभीच्या पंचतारांकित हॉटेलांत त्याची गणना होते. पुढे ते ताज समूहाच्या व्यवस्थापनाखाली आले.

माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीनंतर, विशेषतः हिंजवडी, खराडी आणि विमाननगर भागांच्या विस्तारानंतर, हॉटेलांची संख्या वेगाने वाढली. ऑक्टोबर २००८ मध्ये बालेवाडी येथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. त्या सुमारासही निवासव्यवस्थेकडे विशेष लक्ष वेधले गेले. राजा बहादूर मिल रस्त्यावरील पूर्वीचे ले मेरिडियन (पुढे शेरेटन ग्रँड), मुंढव्याच्या बाजूस नदीकाठी असलेले वेस्टिन, नगर रस्त्यावरील हयात रीजन्सी, मंगलदास रस्त्यावरील कॉनरॅड आणि येरवड्यातील रिट्झ-कार्लटन ही या विस्ताराची उदाहरणे आहेत. यांतील बहुसंख्य हॉटेले जुन्या पेठांपासून दूर, शहराच्या पूर्वेस रेल्वे स्थानक व विमानतळ यांच्या बाजूला आहेत.

१३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यापाठोपाठ घडलेल्या या घटनेनंतर वाहनांची तपासणी, सामानाची क्ष-किरण चाचणी आणि धातुशोधक दरवाजे या गोष्टी मोठ्या हॉटेलांच्या प्रवेशद्वाराशी नित्याच्या झाल्या.

जे. डब्ल्यू. मॅरियट, सेनापती बापट मार्ग

हे हॉटेल आंतरराष्ट्रीय संमेलन केंद्राच्या (आयसीसी) संकुलात आहे. याच संकुलात मराठा चेंबरचे कार्यालय आणि सुमंत मूळगावकर सभागृह असल्याने उद्योगजगताच्या बैठकांचा हा परिसर स्वाभाविक केंद्र बनला. हॉटेलात चारशेहून अधिक खोल्या आहेत. आरंभी ते मॅरियट हॉटेल व संमेलन केंद्र या नावाने ओळखले जात असे.

मोठ्या हॉटेलांमध्ये आढळणारी मालक व चालक यांची विभागणी येथेही दिसते. इमारतीची मालकी पुण्यातील पंचशील समूहाशी संबंधित कंपनीकडे आहे, तर नाव व व्यवस्थापन मॅरियट या आंतरराष्ट्रीय कंपनीचे आहे. मालक कंपनीचे पूर्वीचे नाव आयसीसी रिअ‍ॅल्टी असे होते. व्हेंटिव्ह हॉस्पिटॅलिटी या नावाने तिच्या समभागांची डिसेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली.

भारताच्या जी-२० अध्यक्षपदाच्या काळात पायाभूत सुविधा कार्यगटाची पहिली बैठक १६ व १७ जानेवारी २०२३ रोजी पुण्यात झाली. तिचे स्थळ हे हॉटेल होते. त्याच वर्षी जूनमध्ये डिजिटल अर्थव्यवस्था कार्यगटाची बैठक आणि २२ जून रोजी शिक्षणमंत्र्यांची बैठकही पुण्यात झाली. अशा बैठकांना मुख्य सभागृहाबरोबरच द्विपक्षीय चर्चेसाठी छोट्या खोल्या, दुभाष्यांची सोय, प्रतिनिधींचा निवास आणि बंदोबस्त यांची एकाच आवारात आवश्यकता असते. शहरातील कोणत्याही नाट्यगृहात हे सारे एकत्र मिळत नाही.

सभागृहाची रचना व बैठकव्यवस्था

हॉटेलातील मुख्य सभागृहात (बँक्वेट हॉल, बॉलरूम) मधोमध खांब नसतात, जमीन सपाट असते आणि खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसतात. सरकत्या भिंतींनी एका मोठ्या दालनाची दोन-तीन दालने करता येतात. बाहेर नोंदणी व चहापानासाठी मोकळा सज्जा असतो. पाहुण्यांच्या नजरेस न पडता स्वयंपाकघरातून थेट दालनात येणारी सेवामार्गिका हा या रचनेचा महत्त्वाचा भाग होय.

एकाच दालनाची क्षमता बैठकव्यवस्थेनुसार बदलते. व्यवसायातील ढोबळ हिशोब पुढीलप्रमाणे आहे.

नाट्यगृह पद्धत: केवळ खुर्च्यांच्या रांगा, माणशी सुमारे १० चौरस फूट.
गोलमेज पद्धत: ६ फूट व्यासाच्या मेजाभोवती १० जण, माणशी १२ ते १५ चौरस फूट.
वर्ग पद्धत: खुर्चीपुढे लेखनासाठी मेज, माणशी १५ ते २० चौरस फूट.
यू-आकार व संचालक मंडळ पद्धत: सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसतील अशी मांडणी, लहान बैठकांसाठी.

म्हणजे ६,००० चौरस फुटांच्या दालनात नाट्यगृह पद्धतीने ६००, गोलमेज पद्धतीने ४०० ते ५०० आणि वर्ग पद्धतीने ३०० ते ४०० जण बसू शकतात. व्यासपीठ, पडदा व भोजनाची मेजे यांची जागा त्यातून वजा करावी लागते. त्यामुळे आसनक्षमता विचारताना ती कोणत्या पद्धतीची आहे, हे विचारणे आवश्यक ठरते.

आकारणी

मंगल कार्यालयात वास्तूचे भाडे वेगळे आणि आचाऱ्याचे किंवा केटररचे देयक वेगळे असते. हॉटेलात सामान्यतः प्रत्येक ताटाचा दर ठरतो आणि दालनाचे भाडे त्यातच धरलेले असते. बाहेरील अन्न आणण्यास बहुधा मनाई असते.

आयोजकाने काही दिवस आधी उपस्थितांची किमान संख्या लेखी कळवायची असते. तिला किमान हमी म्हणतात. हमी २०० ताटांची असेल आणि १५० जण आले, तरी देयक २०० ताटांचे होते. अधिक पाहुणे आल्यास वाढीव ताटांचे पैसे द्यावे लागतात. कार्यक्रमाची वेळ, मांडणी, खाद्यपदार्थ, ध्वनिव्यवस्था आणि देयक कोणी द्यायचे हे सर्व एका कार्यपत्रात नोंदवले जाते. स्वयंपाकघरापासून विद्युत विभागापर्यंत प्रत्येक विभाग त्या कागदाप्रमाणे काम करतो. तोंडी ठरलेली पण कार्यपत्रात न उतरलेली गोष्ट आयत्या वेळी मिळेलच असे नाही.

खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या हॉटेलांतील भोजनसेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सेवाशुल्क हा कर नव्हे. ग्राहकाच्या देयकात ते आपोआप लावू नये, असे मार्गदर्शक निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी दिले असून, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले.

कायदेशीर बाजू

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. मात्र सभागृहे, परिषद कक्ष, समाजमंदिरे व मेजवानीची दालने अशा बंदिस्त जागांत, आतल्या आतील वापरापुरता, या मनाईला अपवाद केलेला आहे. मोकळ्या लॉनवरील समारंभाला हा अपवाद लागू होत नाही. रात्री उशिरापर्यंत चालणारे कार्यक्रम बंद दालनांकडे वळण्याचे हे एक कारण आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करणे मालक किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे.

हंगाम

पुण्यातील दालनांची मागणी पंचांगाशी जोडलेली आहे. तुळशीविवाहानंतर विवाहमुहूर्तांचा काळ सुरू होतो आणि मुहूर्ताच्या दिवसांसाठी दालने कित्येक महिने आधी ठरतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात विवाह अल्प होतात. या काळात कंपन्यांच्या बैठका, प्रशिक्षणवर्ग व परिषदा यांना दालने तुलनेने सहज व सवलतीच्या दरात मिळण्याची शक्यता असते. गणेशोत्सवात मध्यवर्ती पेठांतील रस्ते वाहतुकीस बंद होत असल्याने पेठांबाहेरील हॉटेले बाहेरगावच्या प्रतिनिधींना सोयीची पडतात.

अन्य सभास्थळांशी तुलना

मोठी व्यापारी प्रदर्शने हॉटेलात मावत नाहीत. ती मोशी येथील प्रदर्शन केंद्राच्या मैदानावर किंवा चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये भरतात. 'किसान' कृषी प्रदर्शन मोशी येथे होते. नाट्यप्रयोग व संगीत मैफली यांना उतरती आसनव्यवस्था व रंगमंच लागतो. त्यासाठी नाट्यगृहच योग्य ठरते. काही दिवसांच्या निवासी परिषदा, मर्यादित निमंत्रितांच्या बैठका आणि चुकीला वाव नसलेले औपचारिक समारंभ हे हॉटेलाचे खरे क्षेत्र होय. वीज गेली, वक्त्याचे विमान उशिरा आले किंवा शंभर पाहुण्यांचे जेवण तासभर पुढे ढकलावे लागले, तर त्याची जबाबदारी घेणारा एकच पक्ष येथे असतो. ताटाच्या दरात आयोजक प्रत्यक्षात या जबाबदारीचेच मोल देत असतो.

या व्यवस्थेची मर्यादाही तिच्या स्वरूपातूनच येते. प्रत्येक उपस्थितामागे एक ताट धरलेले असल्याने श्रोता वाढला की खर्च वाढतो. म्हणून श्रोत्यांची यादी आधी ठरते आणि दाराशी ती तपासली जाते. वसंत व्याख्यानमालेचे गणित याच्या उलट असते. तेथे एक श्रोता वाढल्याने आयोजकाचा खर्च वाढत नाही, सभेचे बळ मात्र वाढते. रस्त्याने जाणारा विद्यार्थी आत येऊन मागच्या रांगेत बसू शकतो आणि वक्त्याला प्रश्नही विचारू शकतो. शहराच्या पाणीपुरवठ्यावरील किंवा विकास आराखड्यावरील चर्चा पंचतारांकित दालनात झाली, तर ती अधिक नीटनेटकी होईल. परंतु ज्यांच्याविषयी ती आहे ते नागरिक बहुधा दाराबाहेर राहतील. सभास्थळ निवडताना दालनाची क्षमता व ताटाचा दर यांच्याइतकाच हा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो.

हेही पहा

हिराबाग
पुणे सार्वजनिक सभा
वसंत व्याख्यानमाला
बालगंधर्व रंगमंदिर
मंगल कार्यालय